राखीव खेळाडूच्या घरी

पहिल्या घटक चाचण्या आटोपल्या की शाळाशाळांमध्ये क्रीडा स्पर्धांची गडबड सुरू होते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून वेळापत्रक येते, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांचे संघ ठरतात आणि एका सकाळी सूचनाफलकावर नावांची यादी लागते. यादीत वर नाव असलेली मुले उड्या मारतच वर्गात येतात. ज्यांचे नाव यादीत नाही, ती दोन दिवस हिरमुसतात आणि आपल्या वाटेला लागतात. खरी पंचाईत होते ती यादीच्या तळाशी ‘राखीव’ या शब्दाखाली नाव असलेल्या मुलांची.

हा मुलगा संघात आहे, पण खेळत नाही. सकाळी साडेसहाला तो मैदानावर हजर असतो. फेऱ्या सगळ्यांबरोबर मारतो, घामही सगळ्यांबरोबर गाळतो. सामन्याच्या दिवशी मात्र संघाचा शर्ट घालून कडेला बसतो. संध्याकाळी घरी आला की दारातच प्रश्न येतो, “मग, खेळलास का?” तो “नाही” म्हणतो आणि बूट काढायला खाली वाकतो. महिनाभर असेच चालले की एके दिवशी पोटात दुखते, दुसऱ्या दिवशी गजर ऐकू येत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात सर वर्गात येऊन विचारतात, “हा सरावाला का येत नाही?”

बऱ्याच मुलांचा खेळ या दारातल्या बोलण्यातूनच सुटतो, असे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. घरात त्या वेळी साधारण तीन वाक्ये बोलली जातात. अब्बा म्हणतात, “बसवूनच ठेवायचं असेल तर जातोस कशाला? तेवढ्या वेळात गणित कर.” चाचा म्हणतात, “आपल्या मुलांना कोण खेळवतंय?” आणि अम्मी किंवा दादी पाठीवरून हात फिरवून म्हणते, “जाऊ दे बेटा, नशिबात नव्हतं.” तिन्ही वाक्ये मायेपोटीच येतात. तरीही प्रत्येक वाक्य मुलाच्या हातातून काहीतरी काढून घेते. म्हणून या वेळी या तीन वाक्यांविषयीच बोलू या.

“जातोस कशाला?”

आधी राखीव खेळाडू कशासाठी असतो ते पाहू. कबड्डीच्या संघात १२ जण घेता येतात आणि मैदानात ७ उतरतात. व्हॉलीबॉलमध्ये १२ पैकी ६ खेळतात. उरलेली मुले शोभेला नेलेली नसतात. डाव्या कोपऱ्यावरच्या मुलाचा घोटा मुरगळला, तर दुसऱ्या मिनिटाला तिथे कोणीतरी उभा राहावा लागतो आणि त्याला आपल्या साखळीची सवय असावी लागते. सराव न केलेला मुलगा तिथे उभा केला, तर सातही जण गडबडतात.

दुसरी गोष्ट सरावाची. संघाचे सात बचावपटू सरावात पकडी करतात त्या कोणाच्या? चढाईला येणाऱ्या राखीव मुलांच्याच. ते जीव तोडून चढाई करतील, तर बचाव पक्का होईल. ते आळसावले, तर सातांचा सराव लुटुपुटीचा होईल आणि तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात उघडा पडेल.

तिसरी गोष्ट नियमांची. आपल्याकडे काही शाळांचे सॉफ्टबॉल आणि बेसबॉलचे संघ आहेत. बेसबॉलमध्ये ९ जण खेळतात आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा आत येऊ शकत नाही. त्यामुळे सर बदली खेळाडू फार जपून वापरतात, नेमकी वेळ येईपर्यंत हाताशी राखून ठेवतात. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणासाठी आलेल्या बदली खेळाडूला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. म्हणजे मूल पूर्ण सामना बाहेर बसले, तर त्यामागे अनेकदा खेळाचा नियम असतो. मुलाच्या लायकीवरचा तो निकाल नसतो. पालकांना खेळाचे एवढे नियम माहीत असले, तर अर्धा राग आपोआप निवळतो.

आपल्या दीनमध्ये तर मागे उभे राहणाऱ्याची किंमत फार स्पष्ट सांगितली आहे. उहुदची हकीकत आपल्या मुलांनी मक्तबमध्ये ऐकलेली असते. हिजरी ३ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ५० तिरंदाजांना हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली टेकडीवर उभे केले आणि बजावले की काहीही झाले, तरी बोलावणे आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मुख्य लढाई खाली चालली होती. विजय दिसू लागला तसे बहुतेक तिरंदाज खाली उतरले, मोजकेच थांबले. पाठीमागची ती जागा मोकळी झाली आणि लढाईचा रंग पालटला. खेळाचे मैदान आणि रणांगण एक नव्हे, हे खरे. पण कडेला उभ्या असलेल्या माणसाची जागा किती मोलाची असते, हे उहुदइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये अशा एका बंद्याला शुभवार्ता दिली आहे, ज्याला पहाऱ्याचे काम दिले तर तो पहारा चोख करतो आणि पिछाडीला ठेवले तर पिछाडी सांभाळतो. लोकांमध्ये त्याला कोणी मोठा मानत नाही, त्याच्या शब्दाला वजनही नसते. आमच्या मते प्रत्येक राखीव खेळाडूच्या घरात ही हदीस जेवताना एकदा तरी सांगितली जावी. “तू कडेला बसलास म्हणजे कमी आहेस” असे जग मुलाला सांगत असते. निदान घराने तरी ते सांगू नये.

आणि ज्या मुलाला आधी खेळवले आणि मग बसवले, त्याच्यासाठी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांचे उदाहरण आहे. हजरत उमर (रजि.) यांनी खलीफा झाल्यावर शामच्या मोहिमेतील सरसेनापतिपद त्यांच्याकडून काढून हजरत अबू उबैदा (रजि.) यांना दिले. त्या काळचा सर्वांत नावाजलेला सेनानी एका हुकमाने दुय्यम झाला. ते घरी निघून गेले नाहीत. नव्या सेनापतीच्या हाताखाली पूर्वीसारखेच लढत राहिले.

“आपल्या मुलांना कोण खेळवतंय?”

हा प्रश्न टाळून चालणार नाही. काही ठिकाणी अन्याय होतो. नावावरून, वस्तीवरून, कोणाच्या ओळखीवरून संघ ठरल्याची उदाहरणे कानावर येतात. पण चौकशी न करता पहिल्याच दिवशी हे वाक्य घरात उच्चारले, तर एक नुकसान नक्की होते. मूल स्वतःच्या खेळाकडे पाहणे थांबवते. सर्व काही दुसऱ्याच्या मनावर आहे म्हटल्यावर पहाटे उठून फेऱ्या कशाला मारायच्या?

म्हणून आधी कारण विचारावे आणि ते मुलाने स्वतः विचारावे. सामना हरल्यावर किंवा सगळ्यांसमोर विचारू नये. दुसऱ्या दिवशी सरावाच्या दहा मिनिटे आधी सर एकटे असताना विचारावे. प्रश्नही नीट शब्दांत असावा. “सर, मला का घेत नाही?” या प्रश्नाला सरांकडे उत्तर नसते, कारण तो आरोप वाटतो. “सर, संघात येण्यासाठी मी कशात सुधारणा करू?” या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. बहुतेक शिक्षक ते आनंदाने देतात. आम्ही शिक्षक आहोत म्हणून सांगतो, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी लक्षात राहतो.

उत्तर नेमके आले, तर ते वहीत लिहावे. “चढाईहून परतताना पाठ दाखवतोस”, “चेंडू उचलून फेकायला वेळ लागतो”, “सरावाला आठवड्यात दोन दांड्या असतात” अशी उत्तरे म्हणजे पुढच्या तीन आठवड्यांचा अभ्यासक्रमच आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा जावे आणि विचारावे, “सर, फरक पडला का?”

पण समजा, दोनदा विचारूनही उत्तर मिळाले नाही, निवड चाचणी झालीच नाही, सरावाला न येणारा मुलगा दर सामन्यात खेळतो, किंवा मुलाच्या नावावरून, नमाजवरून, मुलीच्या स्कार्फवरून टोमणा मारला गेला, तर गप्प बसू नये. आई-वडिलांनी आधी क्रीडाशिक्षकांशी सभ्यपणे बोलावे. उपयोग झाला नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. त्यात तारखा आणि घडलेल्या गोष्टी लिहाव्यात, विशेषणे लिहू नयेत. अर्जाची पोच घ्यावी. जिथे शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिथे पालकांचे प्रतिनिधी असतात, त्यांनाही सांगावे. न्यायाची साक्ष स्वतःच्या विरोधात गेली, तरी ती द्यावी, अशी कुरआनची शिकवण आहे. तिचे दोन अर्थ इथे लागू पडतात. अन्याय झाला असेल, तर तो सांगायचा. आणि समोरच्या घरचा मुलगा खरोखरच आपल्या मुलापेक्षा चांगला खेळत असेल, तर तेही मान्य करायचे.

काही गोष्टी तर गैरसमज होण्याआधीच बोलून मोकळ्या होतात. शुक्रवारी सराव जुमाच्या वेळेत आला, तर हंगामाच्या सुरुवातीलाच सरांना सांगावे. रमजानमध्ये मूल रोजे ठेवत असेल, तर तेही सांगावे. सरांना ठाऊक नसते, तेव्हा शुक्रवारची गैरहजेरी त्यांच्या वहीत फक्त गैरहजेरी असते.

“नशिबात नव्हतं”

तकदीरवर आमचा ईमान आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितले गेले होते. सब्र या शब्दाचेही असेच होते. मराठीत तो ‘सबुरी’ होऊन आला आणि त्याचा अर्थ नुसते वाट पाहणे असा झाला. अरबीत त्याच्या मुळाशी स्वतःला आवरणे, रोखून धरणे हा अर्थ आहे. सब्र करणारा आपल्या जागी घट्ट उभा असतो आणि हातातले काम चालू ठेवतो.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण घ्या. श्रीरामपूरचा झहीर खान २००० मध्ये भारतीय संघात आला आणि पुढे दुखापती व हरवलेल्या लयीमुळे २००६ मध्ये संघाबाहेर गेला. त्या वर्षी तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळायला गेला. तिथे टीव्हीवर झळकणे नव्हते. आठवड्यामागून आठवडे गोलंदाजी होती. त्याने आपला रनअप कमी केला, चेंडूवरचा ताबा वाढवला आणि त्या हंगामात ७८ बळी घेतले. वर्षाअखेर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर तो परतला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत ९ बळी घेऊन सामनावीर ठरला आणि भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. संघाबाहेरचे ते काही महिने त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत कामाचे महिने ठरले.

पण प्रत्येकाला असे बोलावणे येत नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेसाठी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. ती साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्या डावात पुढचा फलंदाज म्हणून १३ वर्षांचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. पुढे त्याने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११,००० हून अधिक धावा काढल्या, मुंबईला कर्णधार म्हणून रणजी करंडक मिळवून दिला, तरी भारतीय संघाची टोपी त्याला कधीच मिळाली नाही.

तोच मुझुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्याची मानकरी ठरली शफाली वर्मा. मूळ संघात तिचे नावच नव्हते. प्रतिका रावल जखमी झाली आणि उपांत्य सामन्याआधी शफालीला बोलावले गेले. ती त्या वेळी घरी बसून नव्हती, देशांतर्गत स्पर्धेत हरियाणाकडून खेळत होती. म्हणून बोलावणे आले तेव्हा ती तयार होती. अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या आणि २ बळी घेतले.

काही मुलांना तर फक्त वय आणि अंगबांधणी कमी पडते. नववीतला ठेंगणा मुलगा दहावीत वीतभर वाढतो. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) १४ वर्षांचे असताना उहुदला जाण्यासाठी पुढे आले, त्यांना परवानगी मिळाली नाही. खंदकच्या वेळी ते १५ वर्षांचे होते, तेव्हा मिळाली. मधल्या काळात ते रुसून बसले नाहीत.

हातात काय आहे?

मग मुलाने रोज नेमके काय करावे? आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना चार कामे सांगतो. पहिले, एका वेळी एकच कौशल्य सुधारायचे, आणि तेही सरांनी सांगितलेले. दुसरे, सामना चालू असताना बाकावर गप्पा मारायच्या नाहीत. आपल्या जागी खेळणाऱ्या मुलावर आणि समोरच्या संघावर नजर ठेवायची. त्यांचा चढाईपटू आधी कोणत्या बाजूला वळतो, दमल्यावर काय करतो, हे बाहेर बसलेल्यालाच नीट दिसते. मध्यांतरात ते सहकाऱ्यांना सांगता आले, तर तो खेळलाच म्हणायचा. तिसरे, वही ठेवायची. तारीख, आज काय सुधारले, उद्या काय करायचे, एवढ्या तीन ओळी पुरतात. चौथे सर्वांत अवघड आहे. आपल्या जागी खेळणाऱ्या मित्राने चांगली पकड केली की मनापासून टाळी वाजवायची. हसद माणसाच्या नेक्या जाळून टाकते, हे आपण मुलांना शिकवतो. त्याची परीक्षा या बाकावर होते.

मुलींच्या बाबतीत दोन शब्द वेगळे. मुलगी राखीव असली की घर लगेच म्हणते, “खेळणार नाही तर बाहेरगावी पाठवायचं कशाला?” ती गेली नाही, तर पुढच्या वर्षी यादीतून तिचे नावच जाते. सोबत कोण शिक्षिका आहेत, मुक्काम कुठे आहे, पूर्ण बाह्यांचा पोशाख चालेल का, हे जरूर विचारावे. हा पालकांचा हक्क आहे. पण उत्तर समाधानकारक असेल, तर तिला जाऊ द्यावे. आपल्या रसूलनी (स.) हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपल्या घरातल्या मुलींनाही माहीत असू द्या.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. दारातला प्रश्न बदलावा. “खेळलास का?” ऐवजी “आज काय शिकलास?” किंवा “सामन्यात काय पाहिलंस?” असे विचारावे. उत्तर ‘नाही’ या एका शब्दात संपणार नाही. मूल राखीव असले, तरी एखादा सामना पाहायला जावे. कडेला बसलेल्या मुलाला पाहायलाही अब्बा येतात, हे त्याला आयुष्यभर पुरते. फजरला उठणाऱ्या घरात सकाळच्या सरावाची निम्मी अडचण आधीच सुटलेली असते. त्याचा फायदा घ्यावा आणि रात्री मोबाइल वेळेवर बाजूला ठेवायला लावावा.

अभ्यासाची काळजी रास्त आहे. त्यासाठी वेळापत्रक बसवावे, खेळावर टाच आणू नये. आणि मुलाला खरोखर सोडायचे असेल, तर? सोडू द्यावे, पण हंगाम संपल्यावर. संघात नाव दिले म्हणजे वचन दिले, ते मध्येच मोडायचे नाही. हंगामानंतर शांतपणे बसून त्याच्याशी बोलावे. कदाचित त्याला दुसरा खेळ हवा असेल, कदाचित पंचाचे काम आवडेल, कदाचित नुसती सकाळची धाव पुरेशी असेल. त्यात कमीपणा काहीच नाही.

शाळेतले दहा-बारा जणांचे संघ तीन-चार महिन्यांत मोडतात. त्यातली फार थोडी मुले पुढे खेळाडू होतात. पण नोकरीत, व्यवसायात, जमातीच्या कामात, अगदी घरातही प्रत्येकाला कधी ना कधी कडेला बसावे लागते, दुसऱ्याचे नाव पुढे जाताना पाहावे लागते. तेव्हा काम चालू कसे ठेवायचे, हे चौदाव्या वर्षी मैदानाच्या कडेला शिकलेले मूल पुढे सहसा डगमगत नाही. या हंगामात आपल्या घरात असा एखादा राखीव खेळाडू असेल, तर त्याच्यासाठी दुआ करा आणि उद्याच्या सरावाला त्याची पाण्याची बाटली भरून द्या. बाकीचे तो करील, इन्शाअल्लाह.